साहेबाचे ओटे

गेल्या मे महिन्यात विजयदुर्गावर एका नऊ वर्षांच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला उत्तर दिलं. प्रश्न अगदी सरळ होता. उत्तराची मात्र मला अजून लाज वाटते.

मुंबईची माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि मुलगी सुट्टीत आमच्या गावच्या घरी आली होती. गाव वाघोटण खाडीच्या काठचं, त्यामुळे येईल त्या पाहुण्याला गड दाखवायचा हे ठरलेलंच. सकाळी लवकर निघूनही नऊ वाजेपर्यंत दगड तापला होता. करवंदांनी बोटं चिकट झालेली, वाऱ्याला खारा, सुक्या मासळीचा वास. तिहेरी तटबंदी, बुरूज, कोठारं, समुद्राच्या पोटातली भिंत, किती दाखवण्यासारखं होतं. पण मी सगळ्यांना भराभर पुढे नेलं ते साहेबाच्या ओट्यांपाशी. दगडी चौथरे, बाकी काही नाही. तिथे उभी राहून मी सांगू लागले, "१८६८ साली मोठं खग्रास ग्रहण झालं, तेव्हा नॉर्मन लॉकियर नावाचा साहेब इथे दुर्बीण लावून उभा होता. सूर्याच्या प्रकाशात त्याला एक पिवळी रेघ दिसली आणि हेलियमचा शोध लागला. तुमच्या वाढदिवसाच्या फुग्यात असतो ना, तोच हेलियम. तो इथे सापडला!" माझा आवाज चढला होता. जणू तो शोध आमच्याच घरातल्या कुणी लावला होता.

मुलीने ओट्यावर हात फिरवला आणि विचारलं, "मग तेव्हा तुमची लोकं काय करत होती, मावशी?"

मी म्हटलं, "आमची लोकं? ती ग्रहण सुटेपर्यंत पाण्यात उभी होती."

सगळे हसले. मीही हसले.

रात्री ओसरीवर अंग टाकलं तेव्हा ते हसू घशात अडकल्यासारखं झालं. 'आमची लोकं' म्हणजे कोण? पाण्यात उभी राहणारी माझी आजी होती. हिरव्या लुगड्याचा काष्टा खोचून, कमरेएवढ्या पाण्यात, ओठांत पुटपुटत. मी तिला पाहुण्यांसमोर उभं केलं ते साहेबाच्या शेजारी, खालच्या पायरीवर. दुर्बीण त्याच्या हाती दिली आणि भीती हिच्या. मला हे कुणी सांगायला लावलं नव्हतं. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली आणि त्यांच्या चष्म्यातून आजीकडे बघायला मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही, ही गोष्ट मला टोचत राहिली.

दुसरं टोचलं ते नंतर. जे इतक्या छातीठोकपणे सांगितलं ते आपण कधी पडताळलं होतं का? पडताळायला बसले तर कळलं की १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर विजयदुर्गला नव्हताच, तो इंग्लंडमध्ये होता. त्या ग्रहणाचं गाजलेलं निरीक्षण आंध्रातल्या गुंटूरला झालं, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन याने केलेलं. लॉकियरने ती पिवळी रेघ पाहिली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, लंडनच्या आकाशात, ग्रहण नसताना. पुढे १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्सेला हेलियम पृथ्वीवर सापडला. लॉकियर विजयदुर्गला आला हे खरं, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. 'मेल्पोमीन' नावाची युद्धनौका दिमतीला होती आणि तिच्यावरच्या खलाशांनाही निरीक्षणाच्या कामाला लावलं होतं. म्हणजे साहेब आला, ओटेही त्याच्या कामाचे, पण हेलियम त्याच्या आधीच सापडून चुकला होता.

तरीही दर १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिवस साजरा होतो, मुलं जमतात, विज्ञानाच्या गप्पा होतात. मुलांनी गडावर विज्ञानासाठी जमावं याहून चांगलं काय? त्याला नाव ठेवायला माझी जीभ रेटत नाही. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. शिलाहारांच्या भोज राजाच्या काळापासून उभा असलेला, शिवरायांनी १६५३ मध्ये घेऊन ज्याला विजयदुर्ग हे नाव दिलं तो गड आम्हांला पुरेसा का वाटत नाही? साहेब इथे उभा राहिला होता हे सांगितल्याशिवाय आमची छाती का फुगत नाही? याच गडाला आम्ही कौतुकाने 'पूर्वेकडचं जिब्राल्टर' म्हणतो. मी जिब्राल्टर पाहिलेलं नाही. आजीने ते नावही ऐकलं नव्हतं. तिच्यासाठी तो नुसता 'गड' होता, त्याला दुसऱ्या कशाची उपमा लागत नव्हती.

आणि इंग्रजांच्या कागदांत तरी हा विजयदुर्ग कुठे आहे? तिथे तो 'घेरिया', आमच्या शेजारच्या गिर्ये गावाच्या नावाचा अपभ्रंश. त्याच गिर्याच्या खाडीत आंगऱ्यांनी खडक फोडून गोदी केली, गलबतं बांधली, दुरुस्त केली. लहानपणी ओहोटीला आम्ही तिथे खेकडे धरायला जायचो आणि खडकातली ती सरळ कापलेली कड हाताला लागायची. ती माणसाने कापली आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. कान्होजी आंगरे म्हणजे मराठ्यांचे सरखेल, आरमाराचे प्रमुख. त्यांच्या समुद्रातून जायचं तर त्यांचं दस्तक घ्यावं लागे. पोर्तुगीजही तेच करत, त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. इंग्रजही आपले परवाने देत. पण इंग्रजांनी लिहिलं तेव्हा चाचे ठरले ते एकटे आंगरे. परवाना पोर्तुगीजांनी मागितला तर तो राज्यकारभार, आंगऱ्यांनी मागितला तर दरोडा. एका शब्दात माणूस बाद करता येतो. आणि तो शब्द पुढे शंभर-दोनशे वर्षं पुस्तकातून पुस्तकात जातो.

इथे मला थांबावं लागतं, कारण पुढची गोष्ट सोपी नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने, सोबत क्लाइव्हची फौज घेऊन, समुद्रातून गडावर तोफा डागल्या, कान्होजींचा मुलगा तुळाजी याचं आरमार खाडीत पेटलं, एका गलबतावरून दुसऱ्यावर आग गेली आणि मराठ्यांचं समुद्रावरचं सगळ्यांत मोठं बळ एका दिवसात राख झालं. तेव्हा जमिनीच्या बाजूने वेढा घालून कोण उभं होतं? नानासाहेब पेशव्यांची फौज. इंग्रजांना पेशव्यांनीच सोबत घेतलं होतं. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरंच. पण तो घाटावरच्यांना 'आपला' वाटेनासा झाल्याशिवाय हे घडलं असतं का? पुढच्या वर्षी तोच क्लाइव्ह प्लासीला होता. साहेबाने आम्हांला परकं केलं असं म्हणताना मला नेहमी ती जळती खाडी दिसते. परकं करण्याचं काम आपण आपल्या माणसांवरही केलेलं आहे.

विजयदुर्ग पडला त्याच्या आदल्या वर्षी, १७५५ मध्ये, इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला होता. तो मेल्यावर त्याच्या बायकोने लंडनजवळच्या शूटर्स हिलवर त्याच्या आठवणीसाठी एक त्रिकोणी मनोरा बांधला, १७८४ मध्ये. मनोऱ्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग'. सुवर्णदुर्ग हा शब्द इंग्रजी जिभेवर असा झाला. तो मनोरा आजही तिथे आहे. लोक तिथे फिरायला जात असतील, मुलांना वरून शहर दाखवत असतील. त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल की त्या नावात सोनं आहे, दुर्ग आहे, हर्णैच्या बंदरात संध्याकाळी लिलावाला पडणारी मासळी आहे?

मी चौथीनंतर पुण्याला शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात वर्गात पाणी मागताना तोंडून "माका व्हया" निघालं आणि सगळा वर्ग फुटला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी प्रेमाने सांगितलं, "असं नाही बोलायचं, शुद्ध बोलायचं. 'मला हवं' म्हण." महिन्याभरात मी शुद्ध बोलू लागले. पण मधल्या सुट्टीत मुली गोळा व्हायच्या: "तू कोकणातली ना? मग भुताच्या गोष्टी सांग." मला एकही येत नव्हती. आमच्या घरात रात्री भुतांपेक्षा आंब्याच्या फवारणीचं आणि मुंबईहून न आलेल्या मनीऑर्डरचंच बोलणं जास्त असे. पण त्यांना हवी होती म्हणून मी एक रचली. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय. ती इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी मी आणखी एक रचली. वर्षभर मी त्यांच्या मनातलं कोकण त्यांना पुरवत होते आणि त्या बदल्यात मला मैत्रिणी मिळत होत्या. त्या मैत्रिणी आजही आहेत. त्या खोट्या होत्या असं मी म्हणणार नाही.

सुट्टीत घरी आले की आजीला मी 'शुद्ध' बोलून दाखवायची. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि मग कमी बोलायची. तिचं ते कमी बोलणं मला खूप उशिरा कळलं.

आता माझा चुलत भाऊ गावच्या घरात पाहुणे ठेवतो. दादाचं घर स्वच्छ, वहिनीच्या हाताला चव. पाहुण्यांना कंदील हवा असतो म्हणून त्याने वीज असून कंदील टांगले आहेत. पाहुण्यांना 'अस्सल' हवं असतं म्हणून तो त्यांच्याशी बोलताना हेल जरा जास्तच काढतो. तेच पाहुणे जाताना त्याच्या पाठीवर थाप मारतात, "कोकणातली माणसं साधी हो, अजून बिघडली नाहीत." दादाने बँकेचं कर्ज फेडलं आहे, दोन कोर्टकचेऱ्या निभावल्या आहेत, कलमांच्या बाजारात दलालांशी तो तासभर घासाघीस करतो. साधा म्हणवून घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते मला ओळखीचं आहे. पुण्यात पिंपळाची गोष्ट सांगताना तेच माझ्या चेहऱ्यावर असायचं. मी एकदा त्याला विचारलं, "दादा, तुला राग येत नाही?" तो कोकमाची सोलं निवडत होता. वर न बघता म्हणाला, "राग करून पॉट भरता काय?"

त्याच घराच्या खळ्यात १६ फेब्रुवारी १९८० ला मी आठ वर्षांची होते. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा खाली कारवार-अंकोल्याकडून जात होता आणि आमच्याकडे सूर्याची जेमतेम कोर उरणार होती. मुंबईत त्या दिवशी रस्ते ओस पडले होते, असं बाबांनी नंतर सांगितलं. लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. आमच्याकडे पिण्याच्या पाण्यात तुळशीची पानं पडली होती, चूल विझवली होती. आजीने सगळं शास्त्र पाळलं होतं. दुपारी तीन-साडेतीनला ऊन विचित्र झालं. नुसतं मंद नव्हे, तर धारदार आणि गार. सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या. मोहोराचा वास एकदम वाढल्यासारखा वाटला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. मी वर बघायला मान उचलली तशी आजीने माझ्या डोक्यावर हात ठेवून ती खाली केली.

"वर नको बघू गो. हंय बघ, सूर्य खळ्यात इलो."

खळ्यात माटव घातलेला होता, माडाच्या झापांचा. एरवी झापांच्या भोकांतून सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडत. आम्ही पोरं त्यांच्यावर पाय देऊन खेळायचो. त्या दिवशी ते गोल नव्हते. सगळं खळं चंद्रकोरींनी भरलं होतं. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला कललेल्या, वाऱ्याने झापा हलल्या की एकदम थरथरणाऱ्या. आजी वाकली आणि तिने शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटाने एका कोरीच्या भोवती रेघ ओढली. थोड्या वेळाने कोर बारीक झाली तेव्हा पुन्हा एक. मग आणखी एक. ती मोजत होती की नुसती बघत होती, मला सांगता येणार नाही. तिला हे कुणी शिकवलं होतं, तेही माहीत नाही, कदाचित तिच्या आजीने. ग्रहण सुटत आलं तशी ती उठली, लुगडं सावरलं आणि खाडीत जाऊन पाण्यात उभी राहिली.

ओट्याजवळ मला त्यातलं फक्त पाणी आठवलं होतं.

आजी शास्त्रज्ञ होती असं मला म्हणायचं नाही. आमच्याकडे सगळं आधीपासून होतं, साहेबाने चोरलं, असं म्हणणाऱ्यांचा आवाज हल्ली मोठा आहे, आणि त्यांचीही नजर सदान्‌कदा साहेबावरच खिळलेली असते. ती वाट मला नको. कुठली हवी, याचा विचार करताना मला दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित आठवतात. १८५३ चा जन्म, शिक्षकी पेशा, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातली नोकरी. त्यांच्या आधी आमच्या ज्योतिषाबद्दल, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गणिताबद्दल, साहेबांनी बरंच लिहून ठेवलं होतं. एबेनेझर बर्जेस हा अमेरिकी मिशनरी १८३९ साली मराठी मुलखात आला. शाळांसाठी मराठीत खगोलाचं पुस्तक करावं म्हणून तो 'सूर्यसिद्धान्त' या जुन्या संस्कृत ग्रंथाकडे वळला आणि १८६० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत छापला गेला. अनुवादाला टिपा लिहिणाऱ्या व्हिटनी या अमेरिकी संस्कृत पंडिताचं मत होतं की हे शास्त्र मुळात ग्रीकांकडून आलेलं. बर्जेसला ते पटलं नाही, त्याने वेगळी टीप जोडून भारतीयांची बाजू मांडली. बर्जेस मला मनापासून आवडतो. तरी त्या वादात बाजू मांडणारा आणि खोडणारा दोघेही बाहेरचे होते. श्लोक लावून देणारे पंडित मात्र वादात नव्हते.

दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी मराठीत लिहिलं. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल या इंग्रजाबरोबर भारतीय पंचांगावर इंग्रजी ग्रंथही केला. म्हणजे इंग्रजी येत नव्हतं म्हणून मराठी, असं नव्हतं. मोठं काम त्यांनी आपल्या भाषेत केलं, आपल्या वाचकासाठी. वेदांपासून आपल्या काळापर्यंतचे ग्रंथ तपासले, आकडे आकड्यांशी ताडून पाहिले, आणि प्रचलित पंचांगांत चूक दिसली तिथे ती चूक आहे, सुधारायला हवी, असं आपल्याच लोकांना स्पष्ट सांगितलं. लॉकियर विजयदुर्गला येऊन गेला त्याच वर्षी, १८९८ मध्ये, दीक्षित वारले. मुरुडला मी कितीदा गेले आहे, दुर्गादेवीच्या देवळात बसले आहे, समुद्रावर चालले आहे. पाहुण्यांना मी कधी सांगितलं नाही की हे दीक्षितांचं गाव.

डिसेंबरात मैत्रीण पुन्हा आली, नाताळच्या सुट्टीत. खळ्यात नवा माटव होता. दादाने तो पाहुण्यांच्या फोटोंसाठी घातला होता, पण झापा त्याच, माडाच्या, अजून हिरवट वासाच्या. मी मुलीला माटवाखाली बोलावलं आणि सांगितलं, "मे महिन्यात गडावर मी तुला दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या होत्या." पहिली तिने शांतपणे ऐकली. दुसरी सांगताना मला आजीपासून सुरुवात करावी लागली, आणि मधेच माझी भाषा बदलली. आजीचं बोलणं मला शुद्ध मराठीत सांगताच येईना. मुलीने एकदाही मधे तोडलं नाही.

मग आम्ही मोजायला बसलो. झापेतलं भोक तिरकं, फाटकं, चौकोनी कसंही असलं तरी खाली पडणारा ठिपका गोल का, यावर तिने बराच विचार केला. तो भोकाचा आकार नव्हे, सूर्याचा, हे तिचं तिलाच सुचलं. तेव्हा ती ओरडली नाही, नुसती खळ्यातले सगळे ठिपके बघत राहिली. वहिनीने पापडाचा पाट दिला, त्यावर कागद लावून आम्ही तो किरणांच्या समोर तिरका धरला. भोकापासून कागदापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, दोन मीटर सोळा सेंटिमीटर. ठिपका पट्टीने मोजला, दोन सेंटिमीटर भरला. भागाकार तिने वहीच्या मागच्या पानावर केला: एकशे आठ. "म्हणजे सूर्य त्याच्या रुंदीच्या एकशे आठ पट लांब आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "जवळजवळ तेवढाच." तिने तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

नंतर ती एकटीच जमिनीवर पालथी पडली आणि एका कवडशाभोवती खडूने गोल ओढला. मी ओसरीवर दादाबरोबर सुपाऱ्या सोलत बसले होते. दोन-तीन मिनिटं गेली असतील.

"मावशी, तो बाहेर आला! सूर्य सरकला!"

दादा हातातली सुपारी सोलता सोलता म्हणाला, "सरकतलोच तो. फुडे दुसरो गोल काड."

तिने त्याच्याकडे पाहिलं, खडू उचलला आणि दुसरा गोल काढायला घेतला.